पुठ्ठ्याची विजार

डोंगरावर जाताना काय घालावं, या विषयात साजगावात कोंडीरामाच्या तोडीचा जाणकार नव्हता. कारण त्या विषयावर साजगावात आजवर झालेलं एकुलतं एक लिखाण त्याचंच होतं. बौद्ध मंडळाचा चिटणीस म्हणून त्यानं स्वतःच्या वळणदार अक्षरात, कार्बन घालून, पाच प्रती काढल्या होत्या:

'येत्या बुद्धपौर्णिमेस कोंडाणे लेण्यांवर वंदनेसाठी जाणे आहे. चढ दीड तासाचा आहे. पोशाख पांढरा असावा. कपडे सैल, सुती व घाम शोषणारे असावेत. कडक कपडे घालू नयेत, गुडघ्यांस अडचण होते. आपला, कोंडीराम, चिटणीस.'

(हे ज्ञान त्याला कारखान्यातल्या एका मुंबईच्या इंजिनियरनं चहा पिता पिता दिलं होतं. कोंडीराम स्वतः कारखान्यात टाइमकीपर. भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यायला जी शिडी लागे, तेवढीच त्याची आजवरची चढाई.)

पाचपैकी एक प्रत लोधिवलीला पोशीराम मास्तरांकडे गेली आणि तिथून चार दिवसांत कार्ड आलं. कोंडीरामानं ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग बायकोला हाक मारली.

"जयाची आई! मास्तर येतायत! हिरूला घेऊन येतायत!"

भीमाबाई पिठाच्या हातांनीच बाहेर आली. जया आतल्या दाराशी येऊन थबकली. तिचं आणि मास्तरांच्या हिरूचं जमावं म्हणून तीन महिने निरोपांची ये-जा चालू होती. हिरू पनवेलला पोस्टात. त्याचा फोटो जयानं इंग्रजीच्या वहीत ठेवला होता, आणि ती वही आता फक्त फोटोसाठीच उघडली जाई.

कोंडीरामानं कार्ड मोठ्यानं वाचलं. 'सोयरिकीचे बोलणे डोंगरावरच करू. माझा अनुभव असा की, माणूस ओट्यावर बसून कळत नाही, चढावर कळतो.'

"म्हंजे परीक्षाच की," भीमाबाई म्हणाली.

"असू दे परीक्षा!" कोंडीरामाची छाती बनियनमध्ये मावेना. "माझी ती पांढरी विजार काढ. आन् पांढरा शर्ट."

"डोंगरावर विजार? लेंगा हाय की धुवून ठेवलेला. नाडी बी नवी घातलीय."

"मुलीचा बाप लेंग्यात जाईल?"

"पोरगी दावायचीय त्यांना, तुमी नाय. आन् तुमीच लिवलंय ना, सैल कपडे घाला म्हणून?"

"ते लोकांसाठी लिहिलंय."

जया दारातून हळूच म्हणाली, "बाबा, तुमी काय बी घाला. फकस्त हसं करून घेऊ नका."

आता इथं कोंडीरामाची बाजू सांगितली पाहिजे. त्याच्या बापाला जन्मभर दुसऱ्याच्या अंगावर झिजलेला कपडाच मिळाला होता. नव्या कपड्याची घडी कशी मोडतात, हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं. त्यामुळे धुतलेला, खळ घातलेला, इस्त्रीची धार असलेला पांढरा कपडा हा कोंडीरामाचा शौक नव्हता, हक्क होता. टेरिकॉट त्याला मुळीच मान्य नव्हतं. "टेरिकॉट आयतंच कडक असतं. त्यात माणसाचं कर्तृत्व काय?" असं तो कारखान्यात पगाराच्या रांगेतसुद्धा सांगायचा.

भीमाबाईनं विजारीला भाताच्या पेजेची खळ घातली. कोंडीरामानं वाळलेल्या विजारीवर टिचकी मारली. "वाजत नाय."

तिनं दुसऱ्यांदा घातली. त्यानं पुन्हा टिचकी मारली. "कशी ढोलकीसारखी वाजायला पायजे!"

"मग ढोलकीच घाला पायात," भीमाबाई म्हणाली आणि विजार त्याच्या हातात देऊन भाकऱ्या थापायला निघून गेली.

इथून पुढचं सगळं या ढोलकीनं झालं. कोंडीरामाचा कारखाना पुठ्ठ्याचा. खोक्यांच्या पुठ्ठ्याचे थर एकमेकांना चिकटवायला तिथं मोठमोठ्या कढयांत खळ शिजे, आणि ती शिजवणारा सदू हा कोंडीरामाचा दोस्त. दुसऱ्या दिवशी कोंडीराम डालड्याचा रिकामा डबा घेऊन सदूकडे गेला.

"न्या की," सदू म्हणाला. "पन कोंडीभाऊ, बादलीभर पाण्याला दोन चमचे हां. ह्या खळीच्या खोक्यावर मानूस उभा राहिला तरी खोका दबत नाय."

"तेच पायजे," कोंडीराम म्हणाला, आणि घरी जाऊन डबा पुरता उपडा केला. विजारीत अर्धा, शर्टात अर्धा.

दुपारच्या उन्हात कपडे वाळले. दोरीवरून काढून त्यानं ते अंगणात ठेवले आणि इस्त्रीचे कोळसे फुलवायला आत गेला. तेवढ्यात शेजारची अंबूबाई पातेलं परत करायला आली, अंगणात थांबली आणि पदर सावरून म्हणाली, "भावजी, उनाचे कशाला उभे ऱ्हायलाव? आत व्हा की." बराच वेळ उत्तर आलं नाही तेव्हा तिनं वर पाहिलं. विजार आपली आपण उभी होती. तिच्यावर शर्ट उभा होता. कॉलरच्या वर मात्र कोणी नव्हतं. पातेलं तिथंच सोडून अंबूबाई जी घरात शिरली ती पौर्णिमा होईपर्यंत बाहेर आली नाही.

पौर्णिमेच्या सकाळी कोंडीराम स्टुलावर चढला आणि विहिरीत उतरावं तसा विजारीत उतरला. भीमाबाईनं नऊवारी पांढरं लुगडं घट्ट कासोटा मारून नेसलं होतं. जयानं पांढऱ्या पातळाखाली भावाचे कॅनव्हासचे बूट घातले होते.

"बूट? पाहुणे काय म्हणतील?" कोंडीराम म्हणाला.

"डोंगर काय म्हणंल ते आधी बघा," भीमाबाई म्हणाली, आणि एक गाठोडं काखेत मारून टेंपोत चढली.

टेंपोत सगळं मंडळ मांडी घालून बसलं. कोंडीराम साजगावपासून कर्जत आणि कर्जतपासून कोंदिवड्यापर्यंत दांड्याला धरून उभा.

"कोंडीभाऊ, बसा की!"

"उभं बरं. हवा लागते."

(हवा लागत नव्हती. विजारीच्या आत वारा शिरायलासुद्धा जागा नव्हती. पण गुडघा वळवायची सोयच नव्हती, त्याला तो तरी काय करणार?)

कोंदिवड्याला मास्तर आधीच येऊन थांबले होते. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, वर बंडी, पायात टायरच्या चपला, हातात छत्री. शेजारी लेंगा-सदऱ्यातला हिरू. तो जयाच्या बुटांकडे पाहत होता आणि त्याला ते बूट पसंत पडलेले दिसत होते.

"जय भीम, मास्तर!"

"जय भीम, जय भीम!" मास्तरांनी कोंडीरामाला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "कंबर ताठ आहे हो तुमची, या वयात."

"नित्य व्यायाम आणि मिताहार," कोंडीराम म्हणाला. मास्तरांशी बोलताना त्याच्या जिभेलाही आपोआप खळ चढत असे.

सपाटीवर त्याची चाल मोठी रुबाबदार दिसली. चढ लागला तशी पंचाईत झाली. गुडघा न वळवता वर चढायचं म्हणजे आधी एक पाय बाजूनं गोल फिरवून वर ठेवायचा, मग दुसरा. शिवाय प्रत्येक पावलाला खर्रर्र आवाज.

"मागं कोणी वाळकी पानं तुडवतंय का?" हिरूनं दोनदा विचारलं.

"चाल ओळखीची वाटते," मास्तर थोडा वेळ निरखून म्हणाले. "हां! आमच्या शाळेच्या फळ्यावरचा लाकडी कंपास. भूमितीच्या तासाला असाच चालतो."

कोंडीराम हसला. हसताना कॉलर हनुवटीखाली रुतली.

पहिल्या चढावर घाम आला. दुसऱ्या चढावर खळ जागी झाली. कडकपणा गेला आणि चिकटपणा आला. वैशाखातला डोंगर तो! आधी कुसळं चिकटली. मग पळसाची पानं. मग सावरीची बोंडं फुटून जो कापूस वाऱ्यावर उडत होता, तो सगळा जणू कोंडीरामाचाच पत्ता विचारत आला. (पोशाख निदान पांढरा राहिला, हे मंडळाच्या नियमाला धरूनच झालं.) तासाभरात तो चालती-बोलती गादी झाला. पण त्याला आनंद एवढाच की गुडघे आता वळत होते!

म्हणूनच शेवटच्या चढाखाली एक रुंद काळा कातळ दिसताच मास्तर म्हणाले, "बसू या का घटकाभर? बोलणं उरकून घेऊ," तेव्हा सगळ्यात आधी बसला तो कोंडीराम. भर उन्हात, तव्यासारख्या तापलेल्या कातळावर, मांडी घालून. मास्तर छत्री उघडून शेजारच्या सावलीत टेकले.

बोलणं फार चांगलं झालं. मास्तरांनी विचारलं, "लग्नानंतर मुलीला पुढं शिकायचं असेल तर तुमची हरकत?"

"आमची? आमचा तर आग्रह राहील!"

"देणंघेणं आम्हाला नको."

"आपले विचार थोर आहेत."

अर्धा तास असा गेला. सोयरीक जमल्यातच होती, आता फक्त 'हो' तेवढं यायचं होतं! मास्तर छत्री मिटून उठले. "चला. वंदना झाली की शेवटचं काय ते सांगतो."

कोंडीरामानं उठायला जोर लावला. काही झालं नाही. त्यानं पुन्हा जोर लावला. बुडाखालून कातळानं त्याला घट्ट धरलं होतं. मांडीचा आकार विजारीनं घेतला होता आणि विजारीचा कातळानं. पुठ्ठा झाला होता, पुरता, थरावर थर. उठायचंच म्हटलं तर एकटा कोंडीराम उठला असता आणि विजार तिथंच मांडी घालून राहिली असती. व्याह्यांसमोर!

"काय झालं? येताय ना?"

कोंडीरामानं आयुष्यात जितका विचार केला नव्हता तितका त्या क्षणात केला आणि डोळे मिटले.

"तुम्ही व्हा पुढं, मास्तर. मी... मी इथं ध्यानाला बसतो."

"या उन्हात?" मास्तर म्हणाले.

"आज पौर्णिमा आहे."

"वा!" मास्तरांचा आवाज खाली आला. "गोंगाट करू नका रे. कोंडीरामभाऊ ध्यानाला बसलेत."

फक्त भीमाबाई जवळ आली. तिनं वाकून नवऱ्याकडे पाहिलं. भाकरीला पाच मिनिटं उशीर झाला तर हा माणूस सहा वेळा चुलीपाशी येतो, हे तिला बावीस वर्षांचं ठाऊक. तिनं एक बोट पुढं केलं आणि त्याच्या गुडघ्यावर टिचकी मारली.

ढोलकीसारखा आवाज आला.

"बसू द्या त्यांना," ती सगळ्यांना म्हणाली. "चांगलं दोन तास बसू द्या. मनासारखी बैठक मिळालीया." आणि गाठोडं घेऊन वर चढून गेली. जयानं मागं वळून एकदा बापाकडे असं पाहिलं की कोंडीरामानं मिटलेले डोळे आणखी मिटले.

वरून वंदनेचे सूर येऊ लागले. कोंडीरामाला सगळी पाठ होती, त्यानं खालून साथ दिली. साथीला आणखी एक आवाज आला. 'बेंऽ'

एक काळी शेळी त्याच्या तोंडाशी तोंड आणून उभी होती. तिनं आधी पळसाची पानं वेचून खाल्ली, मग कुसळं काढली. त्यानंतर तिला खळीची चव लागली आणि तिनं मागं वळून आपल्या बहिणींना बोलावलं.

शेळ्यांमागून मोतीबाई नावाची एक म्हातारी आली. "अगं बया! ह्ये बुजगावनं डोंगरावं कुनी आनून ठिवलं?"

"बुजगावणं नाय, बाई," कोंडीरामानं एक डोळा उघडला.

मोतीबाई धनगरीण दोन हात मागं उडाली. मग सावरून म्हणाली, "मंग उठा की वो."

"उठता येत नाय. चिकटलोय. जरा पाणी ओता ना अंगावर."

"पानी? पार खाली नदीला जाया लागंल." तिनं शेळ्यांकडे पाहिलं, कोंडीरामाकडे पाहिलं. "आन् उनाळ्याचं माज्या शेरडांस्नी खायला गावत नाय. तुमी ऱ्हावा तसंच घडीभर. देव तुमचं भलं करंल." आणि ती सावलीत पान लावत बसली.

शेळ्यांनी कॉलर संपवली, उजवी बाही संपवली, आणि काळी शेळी डाव्या गुडघ्याशी आली. तेवढ्यात वरून माणसांचे आवाज आले. मंडळ उतरत होतं! कोंडीरामानं डोळे मिटले आणि श्वाससुद्धा बेताचा घेतला.

पहिले मास्तर आले, आणि जागच्या जागी थांबले. समोर कोंडीराम निश्चल बसलेला, अंगावर चार शेळ्या चरतायत, आणि एक त्याचा कान चाटतेय.

"काय ही सहनशीलता!" मास्तर पुटपुटले. "शेळी कान चाटते, तरी पापणी हलत नाही. कोंडीरामभाऊ, मी आजवर तुम्हाला ओळखलंच नव्हतं हो!"

कोंडीरामाला आतून इतका हर्ष झाला की क्षणभर तो गुडघा विसरला. आता 'हो' येणार! आलंच! तेवढ्यात काळीनं गुडघ्याचा तुकडा दातात धरला आणि ओढला. कर्रर्रर्र!

हिरूनं मान तिरकी केली. "बाबा, हा कापडाचा आवाज नाही."

"मग कसला?"

"पुठ्ठ्याचा. मी रोज पोस्टात फाटकी पार्सलं बांधतो."

शेळी चावतच होती. मग गर्दीतून भीमाबाई पुढं आली. लेण्याजवळच्या टाक्यातून तिनं मंडळाच्या कळशीतून पाणी आणलं होतं. ते तिनं नवऱ्याच्या डोक्यावरून सावकाश, मापानं, शेवटच्या थेंबापर्यंत ओतलं.

"उठा आता. ध्यान भिजलं."

कोंडीराम उठला. विजारही उठली, पण सगळी नाही. बसण्याचा जो भाग होता तो कातळावर राहिला, चौकोनी, पांढराशुभ्र, इस्त्रीच्या धारेसकट. कोंडीराम गर्रकन सगळ्यांकडे तोंड करून उभा राहिला आणि मागं मागं सरकू लागला.

"मागं दरी हाय," भीमाबाईनं गाठोडं सोडलं. "ह्यो घ्या लेंगा. मला ठावं होतं. नाडी नवी हाय."

करवंदीच्या जाळीमागं त्यानं लेंगा घातला. संपलं सगळं. पोरीनं एकच मागितलं होतं, हसं करून घेऊ नका, आणि आपण खोकं करून घेतलं. तो मान खाली घालून बाहेर आला तेव्हा मास्तर कातळावरच्या त्या चौकोनाशेजारी बसून, चष्मा हातात घेऊन, डोळे पुसत होते. खांदे हलत होते. रडतायत की काय?

"कोंडीरामभाऊ," त्यांना हसू आवरेना, "किती घातली होती हो खळ?"

"डबा." मग त्यानं जयाकडे पाहिलं आणि जिभेची खळ उतरवून सरळ बोलला. "मास्तर, पोरीचा काय दोष नाय. ती सांगत होती, तिची आई सांगत होती. गाढव मी हाय. तिला माझ्यावरनं तोलू नका."

"छे! तुमच्यावरनं तोललं तर हिरू जन्मभर बिनलग्नाचा राहील," मास्तर म्हणाले. "चढावर मी वहिनींना पाहत होतो. भाकऱ्यांचं गाठोडं त्यांनी वाहिलं, पाणी त्यांनी आणलं, आणि नवऱ्याचा लेंगासुद्धा बरोबर घेतला. मुलगी त्याच आईची ना? बूट घालून आलीय, तेव्हाच मी समजलो. सोयरीक पक्की!"

जयानं पदर तोंडावर धरला. त्याच्या आड ती हसत होती की रडत होती, ते हिरूनं नीट वाकून पाहिलं, आणि तोही हसायला लागला. मंडळानं टाळ्या पिटल्या. कोंडीरामाच्या अंगात पुन्हा वारं शिरलं. (लेंगा सैल होता, शिरायला जागा होती.)

"म्हणजे मास्तर, चढावर मी अगदीच नापास?"

"चढावर नापास," मास्तर उठत म्हणाले. "पण पोरीचं जमावं म्हणून अंगावर शेळ्या चारून घेणारा बाप मी दुसरा पाहिला नाही. बाकीची माणसं मला चढावर कळतात. तुम्ही बसल्या जागी कळलात."

"झालं का?" मागून मोतीबाई ओरडली. "मंग त्यो दगडावरचा तुकडा ऱ्हाऊ द्या हितंच. काळीला सांजच्याला व्हईल."

लग्न मार्गशीर्षात लोधिवलीला झालं. आहेराच्या वेळी मास्तरांनी व्याह्यांच्या हातात कागदात गुंडाळलेला कपडा ठेवला. कोंडीरामानं भर मांडवात, मोठ्या ऐटीत, तो उलगडला. आत पांढरा लेंगा होता, आणि लेंग्याला टाचणीनं एक कागद टोचलेला. त्याच्याच वळणदार अक्षरात, कार्बनची चौथी प्रत: 'कपडे सैल, सुती व घाम शोषणारे असावेत. आपला, कोंडीराम, चिटणीस.'

त्यानं तो उपदेश मनावर घेतला. पुढच्या बुद्धपौर्णिमेला तो तोच लेंगा घालून, सैल पावलं टाकत, सगळ्यांच्या पुढं चढला. खळीचा थेंब नाही, इस्त्रीची धार नाही. आता आपल्याला कोणी ओळखणारही नाही, असं त्याला वाटत होतं. काळ्या कातळापाशी पोचला, तर काळी शेळी वाटेत उभी. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, जवळ येऊन लेंगा हुंगला, आणि तोंड वाकडं करून निघून गेली.

कोंडीरामाला मनापासून वाईट वाटलं.